दारातून दोनदा परत

सभेचा पत्ता माझ्याजवळ अकरा दिवस होता. चार घड्या घातलेला तो कागद मी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला होता आणि रोज काढून पाहिल्यामुळे घडीवरची अक्षरे पुसट होत चालली होती. पत्ता शोधायला मात्र जेमतेम दहा मिनिटे लागली होती. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या संकेतस्थळावर ठिकाण आणि वार निवडला की सभांची यादी समोर येते आणि त्यातली कोणती खुली, कोणती बंद, हेही कळते. बंद सभा फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. खुल्या सभेला नातेवाईक, विद्यार्थी, कोणीही येऊन बसू शकते. मी खुली सभा निवडली, कारण ओळखीचे कोणी भेटलेच तर ‘नुसती माहिती घ्यायला आले आहे’ असे सांगता आले असते. मदत मागायला निघतानाही थाप तयार ठेवण्याची माझी सवय सुटली नव्हती.

त्याआधी मी मदतवाहिनीवर फोन केला होता. पलीकडच्या गृहस्थांनी नाव विचारले नाही, किती वर्षे पिता हेही विचारले नाही. “शेवटची केव्हा घेतलीत?” आणि “सकाळी हात थरथरतात का?” एवढेच विचारले. दोन्हींची उत्तरे ऐकल्यावर त्यांनी मला सभेआधी डॉक्टरांकडे जायला सांगितले. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात आणि दोन-तीन दिवसांनी भ्रमाची अवस्था येऊन जिवावरही बेतू शकते. औषधे डॉक्टरांनी द्यायची असतात, गटाने नव्हे. सभेची जाहिरात करण्याऐवजी त्यांनी मला आधी दुसरीकडे पाठवले, म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

तरीही पहिल्या दोन खेपांना मी दारातूनच परत फिरले. एकदा आतून हसण्याचा आवाज आला म्हणून, कारण दारू सोडलेली माणसे हसत असतील हे मला पटेना, आणि एकदा देवाच्या धास्तीने. दारूमुक्तीसाठी ही संघटना सांगते त्या बारा पायऱ्यांमध्ये उच्च शक्तीचा उल्लेख येतो, हे मी वाचले होते आणि ते निमित्त मला पुरेसे वाटले. ते नको असलेल्यांसाठी वर्तनोपचाराच्या तंत्रांवर चालणारे, १९९४ साली सुरू झालेले स्मार्ट रिकव्हरीचे गट आहेत. केवळ स्त्रियांसाठी १९७५ मध्ये सुरू झालेली विमेन फॉर सोब्रायटी ही संस्थाही आहे. घरबसल्या ऑनलाइन बसता येईल अशाही सभा असतात. अभ्यासाचे कारण पुढे करावे, तर वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यास तपासून असा निष्कर्ष काढला होता, की सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांची पद्धत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरते. निमित्ते संपत आली होती.

तिसऱ्या खेपेला मी शेवटच्या रांगेतल्या दाराजवळच्या खुर्चीवर बसले. एका वयस्क बाईंनी न विचारता पाण्याचा पेला पुढे केला. पेला अर्ध्याहून कमी भरलेला होता. मला तो कंजूषपणा वाटला. हातात घेतल्यावर पाणी काठापर्यंत हिंदकळले, पण सांडले नाही, तेव्हा त्यामागचे शहाणपण लक्षात आले.

सभेत उपदेश नव्हता. एकेक जण नाव सांगून काही मिनिटे बोलत होता आणि मध्ये कोणी त्याला तोडत नव्हते. प्रवेश शुल्क नव्हते. शेवटी फिरणाऱ्या थैलीत नवख्यांनी काही टाकू नये, असे मुद्दाम सांगण्यात आले. सदस्यत्वाला अट एकच, पिणे थांबवण्याची इच्छा, आणि ती खरी आहे का हेही कोणी तपासत नाही. पहिले दोघे बोलले तेव्हा मी मनातल्या मनात त्यांच्यापेक्षा आपण किती बऱ्या, याचा हिशेब करत होते. मग एक शांत गृहस्थ म्हणाले की, एकाच दुकानदाराला आपण रोज पितो हे कळू नये म्हणून त्यांनी चार दुकानांचे वार ठरवले होते. माझी तीन होती. सोमवारी आणि गुरुवारी पहिले, मंगळवारी आणि शुक्रवारी दुसरे, उरलेले दिवस तिसरे. ही गोष्ट मी कधीही, कोणालाही सांगितलेली नव्हती.

१९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात धंद्यातले काम फसलेला बिल विल्सन एका हॉटेलातून फोनवर फोन करत होता, कारण पिण्याची ओढ आवरायला त्याला दुसऱ्या एखाद्या दारूड्याशी बोलायचे होते. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले, तेही दारूडेच. पुढे याच दोघांनी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू केली. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. हे मी आधी वाचले होते, तेव्हा मला ती निव्वळ योगायोगाची हकीकत वाटली होती. त्या चार दुकानांनंतर ते तास कसे गेले असतील, याचा अंदाज आला.

त्या संध्याकाळी मी काहीही बोलले नाही. नाव सांगायची वेळ आली तेव्हा नुसती मान हलवली आणि तेही चालले. निघताना त्याच बाईंनी चिठ्ठीवर आपला क्रमांक लिहून दिला आणि पिण्याच्या आधी फोन करा, नंतर नको, असे बजावले. पुढचा शनिवार तिसऱ्या दुकानाचा होता. मी साडेसात वाजता फोन लावला. त्यांनी मला धीर वगैरे दिला नाही. त्यांच्या गुडघ्याच्या दुखण्याबद्दल, भाचीच्या परीक्षेबद्दल आणि गळक्या नळाबद्दल त्या सविस्तर बोलत राहिल्या आणि मी हुंकार देत राहिले. मध्येच त्यांनी विचारले, “तुमचं ते दुकान किती वाजता बंद होतं?” मी म्हटले, नऊला. त्या पुन्हा नळाकडे वळल्या. नऊ वाजून दहा मिनिटांनी त्या म्हणाल्या, “चला, आता कुलूप लागलं असेल. जेवून झोपा.”