पंधरा ऑगस्ट, रंगभवन आणि काळे टी-शर्ट

गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं चाळीत फिरायला लागली की आम्हा तिघांना भलतीच घाई असायची. पंधरा ऑगस्ट तोंडावर आलेला आणि आय-रॉकच्या तिकिटाचे पैसे अजून जमलेले नाहीत! एका वर्षी वर्गणी गोळा करायचं काम नेमकं आमच्याकडेच होतं. त्या वर्षाबद्दल जास्त लिहीत नाही. पैसे नंतर भरले होते, एवढं मात्र खरं.

आय-रॉक म्हणजे इंडिपेंडन्स रॉक, रॉक बँडचा महोत्सव. फरहाद वाडिया यांनी 1986 मध्ये तो सुरू केला, स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला, मुंबईत धोबी तलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात. उपनगरातली मुलं लोकलला लटकून यायची. आम्ही ठाकूरद्वारचे, त्यामुळे चालत. चिराबाजारात सुकटीचा वास घेत सरळ मेट्रो सिनेमा, तिथे कयानी या इराणी हॉटेलात एक बनमस्का तिघांत, मग रस्ता ओलांडला की थोड्याच अंतरावर झेवियर्स कॉलेजची दगडी इमारत आणि तिच्या शेजारी रंगभवन.

घरी हे नाव फार उपयोगी पडलं. बाबांच्या लेखी रंगभवन म्हणजे नाटक. उघड्या आकाशाखाली बसून त्यांनी तिथे सरकारी नाट्यमहोत्सवातली नाटकं पाहिली होती आणि त्या आठवणींनी ते आजही हळवे होतात. 1978 मध्ये तिथेच जॅझ यात्रा हा जॅझ संगीताचा महोत्सव सुरू झाला, पण ती बातमी आमच्या घरापर्यंत पोचली नव्हती. तेव्हा ‘रंगभवनात कार्यक्रम आहे’ म्हटलं की परवानगी मिळून जायची. कार्यक्रम कसला, हे पहिल्या वर्षी तरी कुणी विचारलं नाही.

काळा टी-शर्ट हा तिथला गणवेश. माझा फॅशन स्ट्रीटवरून घासाघीस करून आणलेला. त्यावर ज्या बँडचं नाव होतं, त्याचं एकही गाणं मी तोवर ऐकलेलं नव्हतं. रांगेतल्या एका केसाळ मुलाने मोठ्या आदराने विचारलं, ‘यांचा कुठला अल्बम भारी वाटतो?’ मी तितक्याच गंभीरपणे म्हणालो, ‘पहिला.’ त्याने मान डोलावली. पुढची पाच-सहा वर्षं तो दर आय-रॉकला भेटत राहिला. नाव काय, राहतो कुठे, कधीच विचारलं नाही. वर्षभरात केस किती वाढले, एवढं मात्र दोघंही न चुकता बघायचो.

पब्लिक निष्ठुर. मेटालिका, आयर्न मेडन, डीप पर्पल या परदेशी बँडची गाणी जशीच्या तशी वाजवणाऱ्याला डोक्यावर घ्यायचं. गायकाने ‘आता आमचं स्वतःचं गाणं’ म्हटलं की मागून आरडाओरडा सुरू. त्या घोषणा इथे छापता येणार नाहीत. मीही ओरडायचो. आज त्याची थोडी लाज वाटते, कारण ज्यांनी ते सगळं सोसून स्वतःचं वाजवलं तेच बँड टिकले. 1984 मध्ये सुरू झालेल्या रॉक मशीनने 1988 मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, तेव्हा ही गोष्ट मुंबईत जवळजवळ वेडेपणाची होती. पुढे 1993 मध्ये त्यांनी इंडस क्रीड हे नाव घेतलं. गायला उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. कॅसेटवर ते नाव वाचून आई म्हणाली, ‘तिनईकर म्हणजे ते महापालिकेचे कमिशनर, त्यांच्यातला का रे?’ आमच्या घरात रॉक संगीताला पहिली मान्यता मिळाली ती अशी, आडनावावरून. नंतर पेंटाग्राम आले, विशाल ददलानी त्यातलाच. तोवर पब्लिकही जरा माणसाळलं होतं. त्यांच्या बास गिटारवर पापल माने होता. आईला तेही लगेच सांगितलं.

पण सगळ्यात घट्ट बसलीय ती एका कॉलेजच्या बँडची संध्याकाळ. पाऊस दुपारपासून दबा धरून होता. बँडने गाणं सुरू केलं आणि तो कोसळला. आम्ही उघड्यावर. स्टेजच्या कडेला दोन माणसं स्पीकरवर ताडपत्री ओढायला धावली, तिसरा वायरी उचलून धरून उभा राहिला. आता वाजवणं थांबणार, असं वाटलं. बासवाल्याने ड्रमरकडे पाहिलं, ड्रमरने मान हलवली, आणि दोघांनी एकच चाल धरून ठेवली. गिटारवाला तिच्यावर फिरत राहिला. आमच्या चाळीत गोकुळाष्टमीला भजनी मंडळ बसायचं. बुवा एखादा चरण धरून बसले की पखवाजवाला रंगात यायचा आणि चहा गार व्हायचा, तशातली गत. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. कुणी ओरडलं नाही. पुढच्या माणसाच्या टी-शर्टातून वाफ निघताना दिसत होती. शेवटी गायकाला आठवलं की गाण्याचं एक कडवं राहिलंय. ते त्याने म्हटलं तेव्हा मूळ गाणं कुठलं होतं हे आम्ही साफ विसरलो होतो.

रंगभवनातले हे कार्यक्रम बंद पडले ते आवाजामुळे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. रुग्णालय, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्या भोवतीचे शंभर मीटर म्हणजे शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज आणि जवळच कामा हॉस्पिटल. हळहळ वाटली, पण रागावणार कुणावर? माझी मावशी कामा हॉस्पिटलमध्येच बाळंत झाली. आय-रॉकच्या आठवड्यात नव्हे, सुदैवाने.

आय-रॉक मग अंधेरीकडे गेला, मध्ये बरीच वर्षं झालाच नाही, 2022 मध्ये माझगावला पुन्हा झाला. तो केसाळ मुलगा तिथे आला असेलही. केस नसतील तर मी ओळखणार कसा?

त्या पावसाच्या रात्री आम्ही चिंब भिजून चालत घरी आलो. कान इतके बसले होते की चाळीचा जिना चढताना आपल्याच चपलांचा आवाज येत नव्हता. दार बाबांनी उघडलं. ते काहीतरी म्हणाले, मी नुसतंच पाहत राहिलो. त्यांनी पुन्हा, मोठ्याने विचारलं, ‘नाटक कुठलं होतं?’

‘संगीत,’ मी म्हणालो.

‘हां,’ ते म्हणाले, ‘म्हणून लांबलं.’