बायोगॅस : कचरा मऊ केल्यावर सूक्ष्मजीवांचे काय होते

एकाच डायजेस्टरमधली (बायोगॅसच्या टाकीतली) स्लरी विरजण म्हणून मी दोन बाटल्यांत घेतली. एकीत भाज्यांचा कचरा नुसता चिरून टाकला आणि दुसरीत तेवढाच कचरा वाफेवर शिजवून, बारीक वाटून टाकला. दुसऱ्या बाटलीतून लगेच भरभरून वायू येऊ लागला, पण तो ज्योतीवर धरला तर पेटेना. झाकण उघडले तेव्हा खवट लोण्यासारखा वास आला आणि सामू (pH) 6 च्या खाली उतरलेला दिसला. पहिली बाटली सावकाश चालली, पण तिचा वायू जळणारा निघाला.

शिजवणे-वाटणे अशा पूर्वप्रक्रियेने कचरा लवकर विरघळतो, हे खरे. मात्र त्याचा पहिला लाभ आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंना होतो, आणि ते काही तासांत दुप्पट होतात. त्यांनी केलेले आम्ल संपवून मिथेन बनवणाऱ्यांना दुप्पट व्हायला कित्येकदा काही दिवस लागतात. (हे मिथेनकर्ते जिवाणू नव्हेतच, ते आर्किया या वेगळ्या गटातले आहेत, हे वूझ आणि फॉक्स या शास्त्रज्ञांनी 1977 मध्ये दाखवले.) मऊ भाजीपाल्याच्या बाबतीत विरघळण्याची अडचण मुळातच फारशी नसते, त्यामुळे तिथे शिजवण्याचा खटाटोप मला अनाठायी वाटतो.

पेंढ्याची गोष्ट निराळी. त्यातले सेल्युलोज लिग्निन या चिवट द्रव्याच्या वेष्टनात अडकलेले असल्यामुळे जिवाणूंची विकरे (एन्झाइम) तिथवर पोहोचत नाहीत, आणि वाफेने किंवा अल्कलीने ते वेष्टन सैल केले की खरोखरच फरक पडतो. तरीही उष्णता जास्त झाली तर साखरेपासून फरफ्युराल आणि लिग्निनपासून फिनॉलवर्गीय द्रव्ये तयार होतात, जी सूक्ष्मजीवांना जाचतात. कॉस्टिक सोडा वापरला तर उरलेले सोडियम मिथेनकर्त्यांना सोसत नाही.

प्रथिनांनी भरलेल्या कचऱ्यात बदल अधिक खोलवर होतो. प्रथिने लवकर फुटल्याने अमोनिया वाढतो आणि ॲसिटेटवर (ॲसेटिक आम्लाच्या रूपावर) जगणारा मिथॅनोथ्रिक्स हा मिथेनकर्ता आधी मागे पडतो. पुंजके करून राहणारा मिथॅनोसार्सिना बराच काळ तग धरतो. अमोनिया त्याहून वाढला, तर काही जिवाणू ॲसिटेट मोडून हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड देतात आणि मिथॅनोक्युलियससारखे आर्किया त्यांपासून मिथेन करतात. नुसत्या वायूच्या मीटरकडे पाहणाऱ्याला आत काम करणारे सूक्ष्मजीवच बदलले आहेत, याचा पत्ताही लागत नाही.

सांडपाण्याच्या गाळावर 160 ते 170 अंश सेल्सियसला अर्धा तास प्रक्रिया करतात, तेव्हा गाळातले मूळचे सूक्ष्मजीव जवळजवळ सगळेच मरतात. 70 अंशांवर तासभर ठेवल्यास क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूंचे बीजाणू मात्र वाचतात. दोन्ही वेळा भार टाकीतल्या विरजणावरच येतो.

आता तिसरी बाटली लावली आहे. तोच शिजवलेला कचरा तिला रोज चमचा-चमचाच देतो आणि सामू 7 च्या खाली झुकू लागला की त्या दिवशी उपास घडवतो.