आधी तडा, मागून लिथियम

एप्रिल 2022 मध्ये आपल्या नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ कंटेनरमधल्या इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या होत्या, आठवतंय ना? तेव्हापासून नातेवाइकांत कुणी ईव्ही घ्यायची म्हटलं की फोन मला येतो, कारण मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. परवा मामेभावाचा आला. ताई, आता सॉलिड स्टेट बॅटरी येणारे म्हणे, तिच्यात पेट घेणारं लिक्विडच नाही, मग ती बिघडणार कशाने?

प्रश्न एकदम बरोबर आहे. नेहमीच्या बॅटरीत लिथियमचे आयन इकडून तिकडे नेणारं लिक्विड असतं, त्याच्या जागी इथे सिरॅमिकची पातळ चकती असते, एका बाजूला लिथियम धातू. बिघाड बघायला सेल फोडावा तर आतला दाब जातो, लिथियम हवेत काळं पडतं, म्हणजे जे बघायचं तेच हातचं जातं. त्यामुळे सेल चालू असतानाच एक्स-रे सोडायचे. लिथियमच्या अणूत इलेक्ट्रॉन फक्त 3, एक्स-रेला ते जवळपास दिसतच नाही, पण सिरॅमिकचे क्रिस्टल छान दिसतात आणि त्यांच्यावर ताण आला की अणूंच्या थरांमधलं अंतर बदलतं, या थरांवरून एक्स-रे ठरावीक अँगललाच जोरात परततात, ग्राफवर तिथे टोक म्हणजे पीक दिसतो, आणि थर जवळ आले की तो पीक मोठ्या अँगलकडे सरकतो. म्हणजे आत वेगळा सेन्सर घालायला नको, सिरॅमिक स्वतःच सांगतं मला कुठे दाबलंय.

कॉलेजातल्या साध्या एक्सआरडी मशीनवर, म्हणजे असेच पीक मोजणाऱ्या छोट्या एक्स-रे यंत्रावर, हे जमत नाही. कॉपर ट्यूबचे एक्स-रे 8 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, लँथॅनम हा जड धातू असलेल्या सिरॅमिकमध्ये ते वरच्यावरच शोषले जातात. त्याला सिंक्रोट्रॉन लागतो, म्हणजे एक्स-रेचे भरपूर एनर्जीचे आणि एकदम बारीक बीम देणारं मोठं यंत्र. आपल्याकडे इंदूरला इंडस-2 नावाचा सिंक्रोट्रॉन आहे, नाशकातल्या द्वारका चौकावरून जाणारा आग्रा रोड धरला की सरळ इंदूर, हे वर्गात सांगितलं की पोरं जरा नीट बसतात.

2021 मध्ये ऑक्सफर्डच्या ग्रुपने एक्स-रे टोमोग्राफी (सीटी स्कॅनसारखं आतलं चित्र) आणि डिफ्रॅक्शन (वर सांगितलेली पीकची पद्धत) एकत्र लावून सल्फाइड सिरॅमिकचा सेल चार्ज होताना बघितला, आणि मला हे फार आवडतं. आधी चकतीच्या पृष्ठभागाजवळ शंकूसारखे खड्डे पडतात, त्यांनीही त्याला रस्त्यावरच्या खड्ड्याचीच उपमा दिलीय, आणि तेही बहुतेक लिथियमच्या थराच्या कडांपाशी, कारण तिथे इलेक्ट्रिक फील्ड जास्त. मग त्या खड्ड्यातून तडा निघतो आणि चकतीतून आडवा पलीकडे जातो. आपण इतके दिवस शिकवत आलो की लिथियमची सुई सिरॅमिक भोसकत जाते. तसं नाहीये. पंचवटीत जुन्या वाड्यांच्या भिंतीत पिंपळ उगवतो बघा, मूळ मागून जाड होत जातं आणि फट त्याच्या पुढे पुढे उकलत जाते, तसं लिथियम मागून तडा रुंद करतं आणि तड्याचं टोक लिथियमच्या पुढे, रिकामंच धावतं.

हे सगळं मामेभावाला सांगितल्यावर तो म्हणाला, मग तडा गेला की लगेच कळत असेल ना? नाही रे. तडा पार पलीकडे पोचलेला असतो तरी शॉर्ट झालेलं नसतं, ते लिथियम पलीकडे टेकल्यावरच होतं. आणि ते टेकायच्या आत तडा थांबवायचा कसा, यावर मग आम्ही अर्धा तास बोलत बसलो, स्कूटरचं राहूनच गेलं.