काठावर चालू, पाण्यात बंद

मी शहाद्याकडे इंजिनाचं काम करतो. मुख्य धंदा शेतातल्या मोटारी, फवारणी पंप आणि टू-व्हीलर, पण नर्मदेच्या बॅकवॉटरमधल्या होड्यांची इंजिनं पण येतात, कारण धडगाव-अक्कलकुवा भागात हे काम करणारे कमीच आहेत. तर मागच्या मे महिन्यातली ही केस आहे, आणि ज्यांच्याकडे होडीला मागे लावायचं छोटं पेट्रोल इंजिन आहे त्यांनी जरूर वाचावी असं मला मनापासून वाटतं.

एक पावरा दादा आहेत, नर्मदेकाठच्या गावात राहतात, फायबरची होडी आणि 15 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारं. ते गाडीवर बांधून इंजिन घेऊन आले. म्हणे मिस्तरी, हे काठावर एकदम मस्त चालतं, पाण्यात पण पहिल्यांदा लगेच चालू होतं, पण जाळं सोडून बंद केलं आणि अर्ध्या-पाऊण तासाने परत दोरी ओढली की मेलं. त्यांनी आधी दुसरीकडे दाखवलं होतं, तिथे प्लग बदलले, कार्बोरेटरचं किट टाकलं, पैसे गेले आणि त्रास तसाच. मी ड्रममध्ये पाणी भरून इंजिन लावलं, माझी टाकी जोडली, दुसऱ्या ओढीला चालू. गरम करून बंद केलं, परत चालू. कॉम्प्रेशन चांगलं, स्पार्क चांगला, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार पण व्यवस्थित. माझा पोऱ्या म्हणे, "बठ्ठं ठीक शे," म्हणजे सगळं ठीक आहे. पण दादा एवढ्या लांबून उगाच आले नसणार ना. मी म्हणलं, इंजिन घेऊन जा, मी तिकडे येतो, तुम्ही रोज जसं चालवता तसंच माझ्यासमोर चालवा.

जाळं वाहवत मासे धरायची पद्धत माहीत नसेल तर सांगतो. इंजिन लावून पाच-सात मिनिटं वाऱ्याच्या तोंडावर वर जायचं, तिथे बंद करायचं, जाळं सोडायचं आणि वाऱ्याबरोबर होडी आणि जाळं दोन्ही वाहू द्यायचं. मग जाळं ओढायचं, मासे काढायचे, चालू करून परत वर. म्हणजे इंजिन थोडंच चालतं आणि जास्त वेळ उन्हात बंद पडून राहतं. लोकांना वाटतं कमी चालतंय म्हणजे कमी झिजतंय, पण खरा मार इथेच आहे. गरम इंजिन परत परत चालू करणं आणि मासे काढताना हळू गतीवर घुरघुरत ठेवणं, यात टू-स्ट्रोकचे प्लग ऑइलने काळे होतात. त्यात कोणी म्हणतं ऑइल जरा जास्त टाक, इंजिन जपेल. अरे नाही जपत. याच्या पुस्तकात 50 ला 1 लिहिलंय, म्हणजे लिटरला 20 मिली, तेवढंच टाका.

तर मी भल्या पहाटे चांदसैली घाटातून गेलो. मे मध्ये सरदार सरोवराचं पाणी बरंच उतरलेलं असतं. 2019 च्या सप्टेंबरमध्ये ते पहिल्यांदा पूर्ण 138.68 मीटरपर्यंत भरलं तेव्हा जे काठ बुडाले, ते उन्हाळ्यात कातळ आणि वाळलेल्या झाडांचे बुंधे घेऊन परत बाहेर येतात, आणि काही बुंधे पाण्याच्या वीतभर खाली राहतात, ते दिसत नाहीत. वारा दुपारनंतर वाढतो. मोबाईलला रेंज नाही. असल्या जागी इंजिन दगा देणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

पहिल्या फेरीला दादांनी जाळं सोडलं, मी होडीत बसून फक्त बघत होतो. ऊन एवढं की फायबरला हात लागत नव्हता. पाऊण तासाने जाळं ओढलं, दोन-तीन कटले आणि बाकी चिलापी, आणि दादांनी दोरी ओढली. काही नाही. परत ओढली, काही नाही. चोक ओढून परत. आणि तोपर्यंत वाऱ्याने आम्हाला वळणावरच्या बुंध्यांकडे ढकललेलं, अंतर असेल शंभर-दीडशे फूट. दादांचा पोरगा वल्हं घेऊन होडीचं तोंड फिरवायला लागला, एकच वल्हं होतं आणि ते पण तुटकं बांधलेलं, मी दादांना म्हणलं दोरी सोडा, लंगर टाका आधी. लंगर म्हणजे दोरीला बांधलेला मोठा दगड. तो खाली धरला तेव्हा कुठे होडी थांबली आणि मला श्वास घ्यायला जागा मिळाली.

मग इंजिनचं झाकण काढलं. पेट्रोलचा भपकारा. प्लग काढला तर ओला चिंब, टोकावरून पेट्रोल टपकत होतं. म्हणजे पेट्रोल मिळत नाही असं नाही, इंजिन ओव्हर झालेलं, म्हणजे आत नको एवढं पेट्रोल भरलेलं, आणि त्यात चोक ओढणं म्हणजे अजून पेट्रोल कोंबणं. पण बंद पडलेल्या इंजिनात पेट्रोल ढकलतंय कोण? मी मागे वळून टाकीकडे बघितलं. 24 लिटरची प्लॅस्टिकची टाकी, भर उन्हात ठेवलेली, आणि पोट फुगलेल्या बैलासारखी दोन्ही बाजूंनी फुगलेली. झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट बंद. तो अगदी हळूहळू उघडला तर फुस्स करून केवढी तरी वाफ बाहेर आली.

दादा म्हणे जीपमधून पेट्रोल आणताना घाटात सांडतं म्हणून तो स्क्रू बंदच ठेवतो. आणायला-न्यायला बंद ठेवणं बरोबरच आहे. पण होडीत तो उघडायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. अर्धी टाकी म्हणजे वर अर्धी हवा आणि वाफ, ती उन्हाने फुगली की दाब पेट्रोलवर येतो, पेट्रोल पाइपमधून कार्बोरेटरकडे जातं, तिथली बारीक सुई तो दाब अडवू शकत नाही आणि पेट्रोल आत भरतं. सलग लांब चाललं असतं तर उलटं झालं असतं, टाकीत हवा न गेल्यामुळे पेट्रोल ओढलं गेलं नसतं आणि चालता चालता बंद पडलं असतं. पाच-सात मिनिटांच्या फेरीत ते कधी दिसलंच नाही. आणि मिस्तरीकडे येताना दादा नुसतं इंजिन आणायचे, टाकी घरी! दुकानातली टाकी सावलीत, स्क्रू उघडा, मग दोष सापडणार कसा.

पाइप इंजिनपासून काढला, सुरक्षेची लाल दोरी काढून स्पार्क बंद केला, प्लग बाहेर ठेवून दोरी सात-आठ वेळा ओढली, आतलं पेट्रोल फवाऱ्यासारखं उडालं. वास जाईपर्यंत थांबलो, ही घाई कोणीच करू नका, पेट्रोलची वाफ होडीच्या तळाला बसते आणि एक ठिणगी पुरते. प्लग पुसून लावले, लाल दोरी परत अडकवली, चोक बंद, थ्रॉटल उघडा, आणि तिसऱ्या ओढीला धूर सोडत चालू झालं. मग पाइप जोडून त्याच्यावरचा हाताने दाबायचा रबरी पंप कडक होईपर्यंत दाबला.

तरी मला खात्री करायची होती. काठाजवळ, जिथे वारा लागत नाही तिथे, मुद्दाम स्क्रू बंद करून टाकी उन्हात ठेवली. भाकरी खाऊन झाल्यावर दोरी ओढली तर तसंच मेलेलं. साफ केलं, आता स्क्रू उघडा, पाइप इंजिनपासून सोडवलेला, टाकीवर ओलं पोतं, तेवढाच वेळ थांबलो. पाइप लावला, पंप दाबला, दुसऱ्या ओढीला चालू. दादांच्या पोराने तेव्हा जी शिट्टी मारली!

दुपारी काठावरच्या बाकी होड्यांच्या टाक्या पण बघितल्या, आणखी दोघांचे स्क्रू तसेच घट्ट होते. त्यांना पण दाखवलं. अजून एक गोष्ट सगळ्यांना बजावून सांगितली, वाहताना पुढे कातळ किंवा बुंधे दिसत असतील तर ते जवळ यायच्या बरंच आधी इंजिन चालू करून बघायचं, मग भले एक फेरी लहान होऊ दे. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा जुनं पेट्रोल टाकीत ठेवू नका हे पण सांगितलं.

दादांकडून मी फक्त गाडीचं पेट्रोल घेतलं, कारण नवीन सामान काही लागलंच नव्हतं. वाचलेल्या पैशात आधी दोन धड वल्ही घ्या म्हणलं, आणि पुढच्या बाजाराला त्यांनी घेतली पण.