बोट कुणाला लागते

डिसेंबरातल्या लक्षद्वीपच्या बोटीच्या फेरीसाठी बेळगावच्या टिळकवाडीत रविवारी दुपारी प्रवाशांची बैठक ठेवली होती. अशा बैठकीला आम्ही ट्रॅव्हलवाले आधी जाऊन आलेल्या दोन-तीन कुटुंबांनाही बोलावतो. एजंटाने सांगितलेलं लोक अर्धं ऐकतात, जाऊन आलेल्या माणसाचं पूर्ण. त्या दिवशी मात्र बोट लागते का, म्हणजे डोलण्याने मळमळ-उलट्या होतात का, यावर जाऊन आलेल्यांचंच आपसांत जमेना.

शहापूरचे एक काका उठले. "मला काय सुद्धा झालं नाही बघा. गोळी नाही, काय नाही. उगंच भिववायलेत लोकांना." त्यांचं बोलणं संपायच्या आत निपाणीच्या एक अक्का म्हणाल्या, "काय सांगायलाय काका! आम्ही दोघं रात्रभर बाथरूमातच होतो की. सकाळी नाष्ट्याला सुद्धा गेलो नाही."

बोट तीच, फेरी तीच, रात्रही तीच. नव्या मंडळींत चुळबुळ सुरू झाली. तिकीट रद्द केलं तर किती पैसे कापतात, अशी चौकशीही मागच्या रांगेतून आली.

दोघांच्या केबिनचे नंबर काढून डेकच्या नकाशावर खुणा केल्या आणि नकाशा सगळ्यांत फिरवला. काकांची केबिन खालच्या डेकवर, बोटीच्या बरोबर मध्यावर, आणि बिनखिडकीची, म्हणजे सगळ्यात स्वस्त. अक्कांची वरच्या डेकवर, पुढच्या टोकाला, मोठ्या खिडकीची. त्यांनी जास्त पैसे मोजून जास्त हलणारी जागा घेतली होती. लाटेवर बोट पुढून वर उचलली जाते आणि खाली आपटते, तेव्हा मधला भाग जवळपास जागेवरच असतो. सगळी उचल-आपट दोन टोकांना. आडव्या डोलण्यात जितकं उंच, तितका झोका मोठा. मोठ्या बोटींना पाण्याखाली दोन बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते आडवं डोलणं बरंच कमी करतात, पण पुढे-मागे होणाऱ्या उचल-आपटीवर त्यांचा फारसा उपयोग नाही. म्हणून "बोटीला स्टॅबिलायझर आहे, काळजी नको" हे पुढच्या टोकाच्या केबिनवाल्याला सांगण्यात अर्थ नसतो.

मुंबईहून २०२१च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची एम्प्रेस ही बोट चालते. १९९० साली बांधलेली, लांबी सुमारे २११ मीटर. एवढ्या लांबीत टोकाची केबिन आणि मधली केबिन यांत एका रात्रीपुरता तरी दोन वेगळ्या बोटींइतका फरक पडू शकतो. ज्याला त्रास होतो त्याने मध्य आणि खालचा डेक मागून घ्यावा, खिडकी मिळो न मिळो. आणि 'गॅरंटी' नावाची स्वस्त केबिन घेऊ नये. तिच्यात प्रकार ठरलेला असतो, नंबर कंपनी मागाहून देते, आणि तो टोकाचा निघाला तर तक्रारीला जागा नसते.

त्रास होणार की नाही हे आधी कसं कळावं? आमच्या भागात यासाठी एक सोपा प्रश्न आहे, तो आम्ही फॉर्म भरतानाच विचारतो: चोर्ल्यात गाडी लागते का? बेळगावहून गोव्याला चोर्ला घाटाने न गेलेलं माणूस इथे विरळा. ज्याला त्या वळणांवर मळमळतं, त्याला बोटही लागण्याची शक्यता जास्त, कारण कानातला तोल आणि डोळ्यांना दिसणारं यांचा मेळ दोन्हीकडे सारखाच बिघडतो. अक्कांना विचारलं तर त्या हसून म्हणाल्या, "चोर्ल्यात? मी तर अनमोडातून गेलं तरी पिशवी हातात धरून बसते." काका स्वतःच गाडी चालवत जातात. गाडी चालवणाऱ्याला गाडी सहसा लागत नाही.

मग गोळीवर चर्चा रंगली. अ‍ॅव्होमिनसारखी प्रोमेथॅझिनची गोळी बोट हलू लागल्यावर नाही, आधी घ्यायची असते: आदल्या रात्री, निदान बोट सुटण्याच्या तास-दोन तास आधी. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही, मग बोटीवरच्या डॉक्टरकडे इंजेक्शन, आणि तिथली फी मुंबईतल्या चांगल्या दवाखान्यापेक्षाही अंगावर येते. गोळीने झोप येते, म्हणून तिच्यासोबत दारू नको. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय ती घेऊ नये. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण ग्रुपमध्ये साठीच्या पुढचेच जास्त असतात आणि शेजारच्याच्या पाकिटातली गोळी मागून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. आलेपाकाच्या वड्या जवळ ठेवाव्यात, पुष्कळांना बरं वाटतं. रिकाम्या पोटी राहू नये. कोरडं खावं, तळकट टाळावं. मळमळलं की केबिनमध्ये पडून मोबाइल बघणं सगळ्यात वाईट. उघड्या डेकवर, बोटीच्या मध्याजवळ उभं राहून क्षितिजाकडे बघावं.

महिन्याचाही प्रश्न असतो. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, त्या दिवसांत या फेऱ्या बहुतेक बंद असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळं होऊ शकतात. डिसेंबर ते फेब्रुवारी त्यामानाने शांत. काकांसारखा माणूस जानेवारीत जाऊन आला असता तर त्याच्या अनुभवाची किंमत आणखी कमी धरावी लागली असती.

खानापूरकडच्या एका निवृत्त गुरुजींनी बोटीच्या कवायतीबद्दल, म्हणजे धोक्याच्या वेळी कुठे जमायचं याच्या तालमीबद्दल, विचारलं. बेळगावची जुनी माणसं आंबोलीवरून वेंगुर्ल्याला उतरून मुंबईची आगबोट धरत. त्यांच्या वडिलांच्या तोंडून ऐकलेली 'रामदास' त्यांच्या डोक्यात होती. १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्या काळाशी आजच्या व्यवस्थेची तुलना होत नाही. पण कवायत सक्तीची आहे हे खरं. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याला कोस्टा कॉन्कॉर्डिया आडवी झाली, तेव्हा नुकत्याच चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५पासून बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच कवायत घ्यावी लागते. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. तो ऐकला की लिफ्ट नाही, जिन्याने आपल्या केबिनच्या दारामागे लिहिलेल्या जागी जायचं. लाइफ जाकीट केबिनमध्ये आहे की जमायच्या जागी, हे पहिल्याच तासात बघून ठेवावं. "आम्ही तेव्हा चहा पीत बसलो होतो," असं एकाने फुशारकीने सांगितलं. कवायतीला बोटीचं कार्ड स्कॅन न झालेल्यांची यादी निघते आणि त्यांना पुन्हा बोलावतात, चहा थंड होतो तो वेगळाच.

जाऊन आलेल्यांच्या काही युक्त्या मात्र सोन्यासारख्या निघाल्या. केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात, म्हणून लोहचुंबकाचे हुक न्यावेत. टोप्या, ओले टॉवेल, लहान पिशव्या टांगता येतात. बाल्कनीच्या कठड्यावर कपडे वाळत घालू नयेत, वाऱ्याने उडतात आणि आगीच्या भीतीने मनाईही असते. जुन्या बोटींत भिंतीतलं सॉकेट गोल दोन पिनांचं किंवा अमेरिकी चपट्या पिनांचं, आपला तीन पिनांचा प्लग त्यात बसत नाही. साधा अडॅप्टर न्यावा. एका वहिनींनी सर्ज प्रोटेक्टरची, म्हणजे विजेचा दाब अचानक वाढला तर वाचवणारी, लांब पट्टी न्यायला सांगितलं, ते मात्र खोडून काढावं लागलं. बोटीच्या वायरिंगमध्ये घरासारखी एक तार न्यूट्रल, म्हणजे बिनदाबाची, नसते, दोन्ही तारांत दाब असतो. सर्ज प्रोटेक्टर अशा ठिकाणी तापून पेट घेऊ शकतो, म्हणून तो चेकिंगलाच काढून घेतात. इस्त्री आणि किटलीही आगीच्या भीतीनेच.

घरचं शिजवलेलं खाणं आत जात नाही. कुंद्याचा डबा बोटीवरच्या ओळखीपाळखीला वाटायला न्यायचा बेत दोघांनी मांडला होता, तो मुंबईतल्या नातेवाइकांकडेच पोचवायला सांगितला. जैन जेवण मिळतं, बुकिंगच्या वेळी नोंदवायचं. जेवणाआधी हात साबणाने धुवावेत, बाटलीतल्या सॅनिटायझरवर विसंबू नये. बोटींवर पसरणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा परिणाम कमी होतो.

बॅगांच्या बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं, आणि ते बरोबरही होतं. मोठी बॅग बंदरावर दिली की केबिनच्या दारात यायला संध्याकाळ होते. त्यामुळे रोजच्या गोळ्या, इन्सुलिन, चष्मा, ओळखपत्र आणि एक कपड्याचा जोड हातातल्या पिशवीत. उतरायच्या आदल्या रात्री मोठी बॅग पुन्हा दाराबाहेर ठेवावी लागते, आणि दर फेरीला कुणीतरी सकाळचे कपडे त्यातच भरून बसतो.

लक्षद्वीपला बोट धक्क्याला लागत नाही. ती खोल पाण्यात थांबते आणि लहान बोटीने बेटावर नेतात. त्या दोन बोटींच्या मधली पायरी लाटेबरोबर वर-खाली होत असते. खलाशी दंडाला धरतात, पण पाय आपलाच उचलावा लागतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी, व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी हे पैसे भरण्याआधी ऐकावं. समुद्र उचलला तर उतरणं रद्दही होतं, तो निर्णय कप्तानाचा. बेटावर जाण्याचा परवाना लागतो. क्रूझच्या प्रवाशांचा एकत्र काढला जातो, आणि त्यासाठी माहिती वेळेत द्यावी लागते. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून लांब गेलं की जाते. फोन फ्लाइट मोडवर टाकावा, नाहीतर तो बोटीवरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि बिल घरी येतं.

चहाच्या वेळी येळ्ळूरच्या एका तरुणाने खास बेळगावी प्रश्न काढला. "परतीला बोट गोव्याला थांबते की. मग मुंबईपर्यंत कशाला? वास्कोत उतरतो, चोर्ल्यातून रात्रीपर्यंत घरी." दिसायला बरोबर आहे, मुरगाव बंदरातून बेळगाव चार-एक तासांचं, आणि मुंबईहून जवळपास पाचशे किलोमीटर. पण तुमचं नाव मुंबईपर्यंतच्या प्रवासी यादीत असतं. सांगितल्याशिवाय उतरलात तर बोट सुटताना कार्डाची मोजणी जुळत नाही, हरवलेला प्रवासी म्हणून शोधाशोध होते, आणि मोठी बॅग मुंबईला जाते ती वेगळी. गोव्यात उतरायचंच असेल तर गोव्यापर्यंतचं तिकीट आहे का ते आधी बघावं, नाहीतर कंपनीकडून लेखी परवानगी घ्यावी. उरलेल्यांना आमचा सल्ला उलटा असतो. गोवा तुम्हाला पाठ आहे. त्या दिवशी सगळे खाली उतरतात, तेव्हा बोटीवरच राहा. पोहण्याचा तलाव, जेवणघर, गच्चीवरच्या खुर्च्या, सगळं मोकळं असतं.

जाण्याचं गणितही सांगितलं. बोट सुटण्याच्या दिवशी सकाळी मुंबईत पोचणारी गाडी धरू नये. तवंदी घाटापासून खंबाटकीपर्यंत कुठेही दोन तास अडकायला होतं, आणि बंदराचं गेट बोट सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं. आदल्या दिवशी पोचून बॅलार्ड पिअरच्या आसपास मुक्काम करणं स्वस्त पडतं. चुकलेल्या बोटीचे पैसे परत मिळत नाहीत.

शेवटचा तास ओळखपत्रांत गेला, आणि सीमाभागात तो जाणारच. आपल्याकडची आधार कार्डं कन्नड आणि इंग्रजीत. कुणाचं आडनावच नाही, कुणाच्या नावापुढे वडिलांचं आणि गावाचं नुसतं आद्याक्षर, कुणाचं इंग्रजी स्पेलिंग कन्नड उच्चाराने लिहिलेलं. पासपोर्टवर त्याच माणसाचं पूर्ण मराठी नाव. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची तर तीन कागदांवर तीन नावं. जुन्या कार्डांवर फक्त जन्माचं साल असतं, आणि जिथे तारीख असते तिथे अर्ध्या पिढीचा वाढदिवस १ जून. तिकिटावरचं नाव बंदरावर दाखवायच्या कार्डाशी अक्षरशः जुळायला हवं, कारण प्रवाशांची यादी बोट सुटण्याआधीच कंपनीकडून पुढे गेलेली असते; गेटवरचा माणूस मनात असूनही ती बदलू शकत नाही. म्हणून तिकीट काढतानाच ठरवावं की कुठलं कार्ड दाखवणार, आणि तेच समोर ठेवून फॉर्म भरावा. पॅन कार्डाच्या भरवशावर राहू नये, त्यावर पत्ता नसतो.

सगळ्यांनी आणलेली कार्डं एकेक करून तिकिटाशी लावून बघितली. गुरुजींच्या तिकिटावर आडनाव होतं, आधारवर नव्हतं. पासपोर्टवर ते होतं, तेव्हा पासपोर्ट आणायचा ठरलं. येळ्ळूरच्या तरुणाच्या बायकोचं तिकीट सासरच्या नावाने आणि कार्ड माहेरच्या नावाने होतं. ते दुरुस्तीला त्याच संध्याकाळी पाठवलं. निपाणीच्या अक्का पुन्हा यायला तयार झाल्या होत्या, खालच्या डेकवर मध्यावर केबिन मिळाली तरच. मिळाली, बिनखिडकीची.