फोटॉन मोजायचे आणि मॉडेलवर संशय घ्यायचा

एक्सरे दुर्बिणीची फाइल उघडली की चित्रबित्र काही दिसत नाही, एक लांबच लांब तक्ता असतो, एका ओळीला एक फोटॉन. कधी आला, डिटेक्टरवर कुठे पडला, किती एनर्जीचा वाटला. बास. हाय एनर्जी ॲस्ट्रोफिजिक्समधली पीएचडी म्हणजे बरीचशी ह्या तक्त्यांसोबत काढलेली वर्षं, आणि त्यातल्या एनर्जीच्या रकान्यावर तर डोळे मिटून विश्वास ठेवायचाच नाही.

कारण ६ केईव्हीचा (केईव्ही म्हणजे किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, एनर्जीचं एकक) फोटॉन ६ म्हणूनच नोंदला जाईल असं नसतं, थोडा इकडे थोडा तिकडे पसरतो, शिवाय डिटेक्टर सिलिकॉनचा असेल तर कधीकधी १.७४ केईव्ही एवढी एनर्जी सिलिकॉनच्या स्वतःच्या फ्लुरोसन्समधून, म्हणजे त्याच्या अणूंनी सोडलेल्या एक्सरेमधून, बाहेर निसटते आणि तुमचा ६ चा फोटॉन ४.२६ ला जाऊन बसतो. हे सगळं रिस्पॉन्स मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कुठल्या खऱ्या एनर्जीचा फोटॉन कुठल्या एनर्जीवर नोंदला जाण्याची शक्यता किती ह्या तक्त्यात, लिहिलेलं असतं. इंजिनिअरिंगच्या वातावरणातल्या माणसाला लगेच वाटतं की मग मॅट्रिक्स उलटा करा आणि काढा खरा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या एनर्जीचे किती फोटॉन आले ते! केला तर नॉइज इतका फुगतो की हाती काहीच राहत नाही. म्हणून उलट्या वाटेने जायचं, आधी मॉडेल धरायचं, ते रिस्पॉन्समधून गाळायचं, आणि मग मोजलेल्या काउंट्सशी (नोंदलेल्या फोटॉनांच्या संख्येशी) ताडून बघायचं, एक्सस्पेक ह्या फिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवसभर हेच चालतं. म्हणजे पेपरात जो देखणा अनफोल्डेड, म्हणजे डिटेक्टरचा परिणाम काढून टाकलेला, स्पेक्ट्रम छापलेला असतो त्याच्या बिंदूंमध्येसुद्धा मॉडेल आधीच मुरलेलं असतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना कुणी नीट सांगत नाही.

आता फिट चांगला आला म्हणजे मॉडेल खरं का? मला विचाराल तर पीएचडीतला निम्मा वेळ ह्याच प्रश्नात जातो आणि जायलाच हवा. एमसीजी-६-३०-१५ नावाची एक सक्रिय दीर्घिका आहे, १९९५ मध्ये ॲस्का उपग्रहाच्या डेटात तिची ६.४ केईव्हीची लोखंडाची रेषा लाल बाजूला खेचलेली, रुंद झालेली दिसली, कृष्णविवराच्या अगदी जवळच्या चकतीतून ती येत असावी आणि गुरुत्वाकर्षणाने ताणली गेली असावी असा अर्थ लावला गेला. तशा रेषांवरून कृष्णविवराचा स्पिन (स्वतःभोवती फिरण्याचा वेग) काढायची आख्खी पद्धत उभी राहिली. पण मधे अर्धवट झाकणारा वायू आहे असं धरलं तर तोच आकार जवळपास तसाच निघतो असंही काहींनी दाखवलं, आणि त्यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. दोन्हीकडची माणसं हुशार, डेटा तोच. मी अशा वेळी कुठल्याच बाजूने पटकन बोलत नाही, आधी १० केईव्हीच्या वरचा डेटा आहे का ते बघते, कारण दोन मॉडेलांतला फरक तिथे जास्त दिसतो. नूस्टार हा एक्सरे उपग्रह २०१२ ला गेल्यापासून तो बरा मिळतो.

आणि क्रॅब नेब्युलाची गोष्ट तर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ऐकवावी. १०५४ साली दिसलेल्या ताऱ्याच्या स्फोटाचा हा अवशेष, इतका स्थिर मानला जायचा की तेजस्विता मोजायला लोक क्रॅब आणि मिलीक्रॅब हीच एककं वापरतात, उपकरणं त्याच्यावरच कॅलिब्रेट करतात. २०११ मध्ये कळलं की २००८ पासूनच्या दोन वर्षांत तो सुमारे ७ टक्के मंदावला होता. वेगवेगळ्या उपग्रहांवर सारखाच उतार दिसला म्हणून पटलं, एकाच उपकरणावर दिसला असता तर दोष डिटेक्टरलाच दिला असता ना.

टेक्निकल युनिव्हर्सिटीत हे करण्यात एक अडचण आणि एक मजा आहे. अडचण अशी की ॲस्ट्रोची माणसं सहसा मोजकीच असतात, शेजारच्या लॅबमध्ये थिन फिल्म किंवा लेझर, तुमच्या सेमिनारला लोक येतात ते चहासाठी. मजा अशी की सिग्नल प्रोसेसिंगवाले त्याच इमारतीत किंवा पलीकडच्या. टायमिंगचं काम करायचं असेल तर हे लोक सोनं आहेत. नूस्टारचा डेड टाइम, म्हणजे एक फोटॉन नोंदताना डिटेक्टर आंधळा असतो तो वेळ, दर फोटॉनमागे साधारण २.५ मिलीसेकंद, तेवढ्यात दुसरा फोटॉन आला तर तो गेलाच, त्यामुळे तेजस्वी स्रोताच्या पॉवर स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती चढउतार आहे त्याच्या आलेखात) जो नॉइज सपाट असायला हवा तो वाकडा होतो, आणि उपाय म्हणून नूस्टारच्या दोन स्वतंत्र डिटेक्टर मॉड्यूलचे सिग्नल एकमेकांशी ताडून फक्त दोन्हीकडे सारखा असलेला भाग ठेवतात. खगोलवाल्याला हे समजून घ्यायला वेळ लागतो, इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणतो हां, दोन चॅनेलचा नॉइज वेगळा आहे ना, मग जाईलच की तो. कॅन्टीनमध्ये असे लोक धरून ठेवा.

विषय निवडताना मात्र रोमँटिक होऊ नका. व्ही४०४ सिग्नी हा कृष्णविवर असलेला जोडतारा १९८९ नंतर थेट जून २०१५ मध्ये पेटला, मधली २६ वर्षं त्याच्या उद्रेकाची वाट बघत कुणाची थिसिस झाली नसती. उपग्रहाचंही तेच. हितोमी हा जपानचा एक्सरे उपग्रह १७ फेब्रुवारी २०१६ ला उडाला आणि मार्च संपायच्या आत गरगर फिरून तुटला, तेवढ्यात पर्सियस ह्या दीर्घिकांच्या समूहातला वायू किती शांत आहे ते दाखवून गेला, सेकंदाला १६४ किलोमीटरच्या आसपासचा वेग. त्याच्या जागी २०२३ ला एक्सरिझम गेला, त्याच्या मुख्य उपकरणासमोरची झडप उघडलीच नाही, म्हणून १.७ केईव्हीच्या खालचं जवळजवळ काही येत नाही. वरचा डेटा अप्रतिम आहे, पण ज्याचा प्रश्न १ केईव्हीला होता त्याने काय करायचं!

म्हणून गाइडशी पहिल्या भेटीत स्पेस-टाइमबिइमच्या गप्पा नंतर, आधी विचारायचं की पहिला पेपर कुठल्या डेटावर. आर्काइव्हमधला असेल तर उत्तम, आरएक्सटीई हा जुना एक्सरे उपग्रह २०१२ ला बंद झाला तरी त्याच्या १६ वर्षांच्या डेटातून अजून कामं निघतात आणि तो सगळ्यांना खुला आहे. दुर्बिणीच्या वेळेसाठीचं प्रपोजल मंजूर झाल्यावर बघू असं उत्तर आलं तर बरोबरीने दुसरा स्रोत, दुसरा उपग्रह ठरवून घ्या, आणि तो लेखी घ्या, सिनॉप्सिसमध्येच, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यातच.