बोरिवली ते प्रभादेवी: आत जाणारे, बाहेर थांबणारे

सोमवारी संध्याकाळी साडेसातला बोरिवलीहून चालत निघालं, की मंगळवारी पहाटे तीनच्या सुमारास प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाच्या रांगेत उभं राहता येतं. अंतर २५-२६ किलोमीटर. महिन्यातल्या एका मंगळवारी आम्ही दहा-पंधरा जण ही वारी करतो. टाळ नाहीत, पालखी नाही. पण नेमानं जाणं-येणं म्हणजे वारी, त्या अर्थानं ही वारीच. आमच्यातले सगळेच प्रार्थना करत नाहीत, हे आधी सांगायला हवं. नव्यानं येऊ पाहणारे दबक्या आवाजात विचारतात, "माझा फारसा विश्वास नाही, आलो तर चालेल का?" चालतं. पाय सगळ्यांचे सारखेच दुखतात, म्हणून पायांपासून सुरुवात करू.

बूट निदान महिनाभर वापरलेले हवेत, आणि अर्धा नंबर मोठे. पाच-सहा तास चालल्यावर पाय सुजतात आणि घट्ट बुटात अंगठ्याचं नख काळं पडतं. नुसते सुती मोजे घाम धरून ठेवतात, कातडी भिजून मऊ होते आणि मग फोड येतो. म्हणून निघताना बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन लावायचं आणि अंधेरीला मोजे बदलायचे. आलेला फोड फोडू नये, वर पट्टी लावून चालावं. अनवाणी चालणाऱ्यांना पावसाळा सगळ्यात वाईट. पाण्याखाली काच दिसत नाही आणि भिजलेली कातडी लगेच कापते. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी येऊच नये. तळव्याची जाणीव कमी झालेली असेल तर काच रुतलेलीही कळत नाही, आणि जखम महिनोन्महिने भरत नाही. नवस बोलला असला तरीही नाही. या एका बाबतीत आम्ही कुणाचं ऐकत नाही.

मंगळवारचा उपास करणारे बरेच असतात. त्यांनी सोमवारी सहाच्या सुमारास नीट जेवून घ्यावं: वरण-भात, भाकरी, पालेभाजी. वडापाव खाऊन निघालेला माणूस गोरेगावला जळजळ धरून बसतो. बारानंतर उपास लागला, की राजगिऱ्याचा लाडू, केळं, खजूर. पाणी अर्ध्या तासाला दोन-चार घोट, एकदम बाटलीभर नाही. नुसत्या गोड चहावर रात्र काढली तर वांद्र्याच्या पुढे पोटऱ्यांत गोळे येतात, कारण घामावाटे मीठ गेलेलं असतं आणि परत काही आलेलं नसतं.

हायवेवरून जाऊ नये. रात्री गाड्या भरधाव असतात आणि मुतारी मिळत नाही. एसव्ही रोडच बरा: कांदिवली, मालाड, गोरेगाव, जोगेश्वरी. उजेड, माणसं, उघडी केमिस्टची दुकानं. अंधेरी साधारण अर्ध्यावर येते. पुढे यायचं की परतायचं ते तिथे ठरवावं, फार तर वांद्र्याला. एकच्या सुमारास लोकल बंद होतात त्या पहाटे चारनंतरच सुरू होतात, आणि मधल्या वेळात माहीमला बसकण मारलेल्या माणसासाठी टॅक्सी शोधत फिरावं लागतं.

अंधेरीपर्यंत गप्पा चालतात. पार्ल्यानंतर आवाज कमी होतो, आणि सांताक्रूझ-खारच्या टप्प्यात माणसं आपणहून बोलायला लागतात. कुणाची बायको केमोवर असते, कुणाच्या मुलाचा दहावीचा निकाल, कुणाची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होऊन सात वर्षं झालेली आणि बिल्डरकडून येणारं भाडं बंद. अशा वेळी "बाप्पा सगळं नीट करील" असं म्हणू नये, हे आम्ही नव्यांना आवर्जून सांगतो. शेजारून त्याच चालीनं चालत राहावं. बोलणाऱ्याला पुढचं बोलायचं असतं, आणि आपलं आश्वासन त्याचं तोंड बंद करतं.

नवस बोलायचा असेल तर घरी, पोटात अन्न असताना बोलावा. रात्री एक वाजता, थकव्यानं डोळे भरून आलेले असताना माणूस भलतंच कबूल करतो: २१ मंगळवार, अनवाणी, निर्जळी. चौथ्या मंगळवारी शिफ्ट बदलते, सातव्याला ताप येतो. नवस मोडला म्हणून घरात काही वाईट घडलं, ही भीती मग वर्षानुवर्षं जात नाही. प्रार्थना सोडून दिलेल्यांपैकी काही जण याच वाटेनं तुटलेले आहेत. न झेपणारा आकडा बोलून गेले आणि मग देवासमोर उभं राहायची लाज वाटू लागली. कुणी विचारलंच तर आम्ही एवढंच सुचवतो, की पाच मंगळवार बोला, आणि पायात चपला घालून.

वांद्र्याचं तळं मागे टाकलं, की माहीमची खाडी. आधी इथून होडीनं जावं लागे. कॉजवे झाला १८४५ मध्ये, अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या १,५७,००० रुपयांतून, आणि टोल घ्यायचा नाही या अटीवर. पलीकडचा एलजे, म्हणजे लेडी जमशेटजी रोड त्यांच्याच नावाचा. कॉजवे उतरताच सेंट मायकल चर्च, जिथे बुधवारी नोव्हेना प्रार्थनेसाठी गर्दी होते. बाहेर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. ज्याला जे हवं, त्याचा मेणाचा आकार वाहायचा. नऊ बुधवारांचा नेम करणाऱ्यांत हिंदू पुष्कळ असतात. थोडं पुढे कॅडेल रोडवर मखदूम अली माहिमींचा दर्गा. उरुसात इथे मुंबई पोलिसांचा पहिला मान असतो. दीडच्या सुमारास आम्ही जातो तेव्हा सगळं बंद असतं. तरी घोळक्यातले काही जण तिन्ही ठिकाणी हात जोडतात, काही फक्त प्रभादेवीलाच आणि काही कुठेच नाही.

कुठेच न जोडणाऱ्यांची कारणं एकसारखी नसतात. कुणाला मागणं म्हणजे देवाला लाच देणं वाटतं. कुणी रुग्णालयाच्या जिन्यावर रात्रभर जप केला आणि सकाळी माणूस गेला. त्यानंतर ओठ हलत नाहीत. कुणाला ऐकणारं कुणी आहे असं कधी वाटलंच नाही. या शेवटच्यांना दुःख असतं असंही नाही, आणि ते असेलच असं आपण धरून चालू नये. मुंबईला ही चर्चा नवी नाही. डॉ. आत्माराम पांडुरंगांनी १८६७ मध्ये इथे प्रार्थना समाज काढला. मूर्ती नको, प्रार्थना मात्र हवी, असं म्हणणारी ती माणसं तुकोबांचे अभंग म्हणत. गिरगावातला चौक आजही त्याच नावानं ओळखतात.

शिवाजी पार्कच्या पुढे उजवीकडे, समुद्राच्या बाजूला चैत्यभूमी. बौद्ध घरांतले सोबती इथे क्षणभर थांबतात. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांमध्ये गौरी-गणपती न मानण्याची प्रतिज्ञा स्पष्ट शब्दांत आहे. ती पाळणारा माणूस मित्रांच्या सोबतीनं इथवर चालतो आणि देवळात जात नाही. त्याला "नुसता आत तर ये" असा आग्रह करणं म्हणजे त्याच्या आजोबांनी दिलेला शब्द मोडायला सांगणं. आम्ही तो करत नाही. सुतकात असलेलेही बाहेर थांबतात. पाळी आलेल्या बायकांना कुणी विचारायचं नाही, त्यांचं त्यांनी ठरवायचं. काही जणी आत जातात. नामाला सोवळं-ओवळं लागत नाही, हे वारकऱ्यांचं म्हणणं त्यांना पुरेसं असतं. काही जणी कळसाला नमस्कार करून बाकावर बसतात.

मंगळवारी देऊळ सव्वातीनच्या सुमारास दर्शनाला उघडतं. अंगारकी असेल तर हे सगळं वेळापत्रक विसरायचं. त्या दिवशी रांगच काही तासांची असते आणि चालून आलेल्यानं तीत उभं राहणं धोक्याचं. एरवीही इथे एक चूक हमखास होते. सात तास चालणारा माणूस एकदम स्थिर उभा राहतो, रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. म्हणून रांगेत शिरण्याआधी मीठ-साखरेचं पाणी घ्यावं आणि उभ्या उभ्या टाचा वर-खाली करत राहावं. २०२५ पासून तोकड्या, फाटक्या कपड्यांना मनाई आहे. हाफपँटवर चालणाऱ्यांनी पूर्ण पँट सोबत ठेवावी आणि बाहेरच बदलावी.

हे देऊळ १८०१ मध्ये लक्ष्मण विठू पाटील यांनी बांधलं, पैसा देऊबाई पाटील यांचा. त्यांना मूल नव्हतं. इथे येणाऱ्या निपुत्रिक बायकांना तरी मूल व्हावं, ही त्यांची इच्छा होती, असं सांगतात. मागणं दुसऱ्यासाठीही असू शकतं, हे आम्हाला या देवळानं शिकवलं. गाभाऱ्यात उजव्या सोंडेची अडीच फुटांची मूर्ती दिसते ती जेमतेम दोन-तीन सेकंद. तेवढ्यात मोठी यादी आठवत नाही. बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येतं, आणि ते स्वतःचं क्वचितच असतं. बाहेर चांदीचे उंदीर आहेत. त्यांच्या एका कानावर हात ठेवून दुसऱ्यात इच्छा सांगायची, म्हणजे ती दुसऱ्या कानानं बाहेर जात नाही. आमच्यातले काही जण तिथे बराच वेळ वाकलेले असतात, मागून लोक ढकलत असतात तरी. काही जण नुसते चांदीवरून हात फिरवून पुढे जातात.

पिशव्या, बूट, काठ्या, फोन बाहेर थांबलेल्यांकडे असतात. त्यांना रांगेइतकाच वेळ बसावं लागतं, आणि झोपून चालत नाही. आतून येणारे आधी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवतात; कुणी घेतं, कुणी मान हलवून नको म्हणतं, मग त्याला केळं द्यायचं. बूट परत चढवताना सुजलेला पाय आत जात नाही, म्हणून पिशवीत साध्या चपला हव्यातच. दादर स्टेशन इथून दीडेक किलोमीटर आहे. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गेलं, की पहाटेची बोरिवली लोकल मिळते, आणि त्या वेळी सगळ्यांना बसायला जागा असते.